बेकारी भत्ता आणि दात्याची नजर

गीतेचा सतरावा अध्याय दानाला सात्त्विक म्हणताना देश, काळ आणि घेणाऱ्याची योग्यता पाहायला सांगतो. दात्याने ती पाहावी, पैसा त्याचा आहे. पण नोकरी गेलेल्या विमाधारक कामगाराकडे याच नजरेने का पाहावे? कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या २०१८ च्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून त्याला मिळणाऱ्या बेकारी भत्त्याचा निधी आकाशातून पडत नाही. महामंडळाची तिजोरी भरते ती मुख्यतः कामगाराच्या वेतनातून कापलेल्या ०.७५ टक्के आणि मालकाच्या ३.२५ टक्के वर्गणीतून. संकटासाठी आधीच बाजूला काढलेली ती सामाईक पुंजी आहे.

फुकटचे मिळाले की माणूस आळसावतो, हा आक्षेप जुनाच. हा भत्ता म्हणजे सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, तीही आयुष्यात एकदाच. एवढ्यावर कसला आळस पोसणार? लबाडीचा आक्षेप मात्र वजनदार आहे, कारण खोटा दावा इतर कामगारांनाच लुबाडतो. म्हणून वर्गणी भरली का, नोकरी खरेच गेली का, हे तपासावेच. पण गैरवर्तनामुळे काढलेल्याला योजना वगळते, तिथे तपासणी वस्तुस्थिती सोडून चारित्र्याकडे सरकते. नोकरी गमावून त्याने शिक्षा भोगलेलीच असते; शिवाय गैरवर्तनाचा शिक्का मारतो मालक, म्हणजे वादातला दुसरा पक्ष! राज्यघटनेचे कलम ४१ राज्याला बेकारीत सार्वजनिक साहाय्याची तरतूद करायला सांगते. त्याला आर्थिक कुवतीची मर्यादा आहे, न्यायालयातून ते बजावून घेता येत नाही. शीलाची अट मात्र त्यात नाही.