मशिदीच्या पायरीखालचे पिल्लू



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. इशाची नमाज आटोपून बाहेर पडताना मोहल्ल्यातील एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा समोर आला. सदऱ्यात त्याने कुत्र्याचे पिल्लू धरले होते. मोटारसायकलखाली सापडून त्याचा मागचा पाय मोडला होता. ‘चाचा, याला घरी नेलं तर चालेल का?’ मी म्हणालो, ‘बेटा, कुत्र्याची लाळ नापाक असते. खाली ठेव त्याला, आणि आधी कपडे धुऊन घे.’

फिक्हच्या दृष्टीने उत्तर चुकीचे नव्हते. मुलाने पिल्लू मशिदीच्या पायरीखाली ठेवले. रात्रभर पाऊस कोसळत राहिला. फजरच्या वेळी ते मरून पडले होते, आणि तो मुलगा धुतलेले कपडे घालून रांगेत उभा होता.

त्या रात्री मी अर्धेच उत्तर दिले. उरलेले अर्धे आज आपल्यासमोर मांडतो.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील ती हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली असेल. तहानेने व्याकूळ झालेला एक वाटसरू विहिरीत उतरून पाणी पितो. वर येतो तर एक कुत्रा तहानेपायी ओली माती चाटत असतो. तो पुन्हा उतरतो, आपला चामडी मोजा पाण्याने भरतो, तो दातांत धरून वर चढतो आणि कुत्र्याला पाणी पाजतो. अल्लाहने त्याची कदर केली आणि त्याला क्षमा केली. सहाबांनी आश्चर्याने विचारले की, जनावरांच्या बाबतीतही आम्हाला पुण्य मिळते काय? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रत्येक सजीवाच्या सेवेत पुण्य असल्याचे सांगितले. लक्षात घ्या, पायात घालायच्या वस्तूतून कुत्र्याला पाणी पाजले म्हणून त्या माणसाला कोणी बोल लावला नाही. ती वस्तू नंतर धुता येते.

याच्या उलट मांजरीची हदीस आहे. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवली. तिला खायला दिले नाही आणि स्वतःचे अन्न शोधायला मोकळेही सोडले नाही. त्यापायी ती स्त्री नरकाग्नीस पात्र ठरली. तिने मांजरीला मारहाण केल्याचा उल्लेख त्या हदीसमध्ये नाही.

आता पाकीचा मसला. कोकणातील आपली बहुतेक कुटुंबे शाफई आहेत. त्या मसलकात कुत्र्याचा ओला स्पर्श झाल्यास सात वेळा धुवावे लागते, त्यांपैकी एकदा मातीने. हनफी मसलकात लाळ नापाक आहे, मात्र कोरड्या अंगाचा स्पर्श झाल्याने कपडे नापाक होत नाहीत. इमाम मालिक (रह.) तर कुत्र्याला मुळात नापाकच मानत नाहीत. आपण आपापल्या मसलकाप्रमाणे चालावे. पण हे सारे नियम धुण्याचे आहेत. दगड मारण्याची मुभा त्यांतील एकाही नियमात नाही. सूरह कहफमध्ये गुहावासी तरुणांसोबत उंबऱ्यावर पाय पसरून बसलेल्या त्यांच्या कुत्र्याचाही उल्लेख आहे. शिकवलेल्या कुत्र्याने धरलेली शिकार सूरह माइदाने आपल्याला हलाल केली आहे.

घरात हौसेखातर कुत्रा पाळण्याविषयी हदीसमध्ये ताकीद आहे, हे खरे. शेत, कळप आणि शिकार यांसाठी मात्र सवलत आहे. म्हणूनच प्राण्यांच्या निवारागृहाचे काम आपल्याला जवळचे वाटायला हवे. ज्याला आपण घरात ठेवू शकत नाही, त्याला तिथे औषधोपचार मिळतो; आणि शेतकऱ्याच्या किंवा शेळीपालकाच्या दारी त्याला हक्काचे घर मिळवून देण्यात आपण मध्यस्थ होऊ शकतो. मात्र रस्त्यावरचे धडधाकट कुत्रे उचलून नेऊ नयेत. 2023 च्या नियमांनुसार अशा कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना मूळ जागीच सोडायचे असते. निवारा हवा तो जखमींना, आईविना उरलेल्या पिल्लांना आणि मालकाने टाकून दिलेल्यांना. दयेच्या भरात सावधगिरीही सोडू नका. कुत्रा चावला तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस क्वचितच वाचतो.

काही भगिनी विचारतात, जकातीची रक्कम तिथे देता येईल का? नाही. सूरह तौबाने सांगितलेले जकातीचे आठही हकदार मानवांशी संबंधित आहेत. नफल सदका मात्र अवश्य द्यावा.

तो मुलगा आता कॉलेजात शिकतो. गेल्या हिवाळ्यात रात्री त्याचा फोन आला. नाल्यात पडलेली एक कुत्री त्याने बाहेर काढली होती आणि निवाऱ्याची गाडी यायला तासभर होता. ‘चाचा, कपडे भिजलेत. इशा कशी पढू?’

‘ते मग सांगतो,’ मी म्हणालो. ‘आधी हे सांग, तिला पांघरायला काही आहे का?’