बांधलेली आई

शास्त्रपाठ : लूक 13:10-17

पेठ व सातगाव पठार येथे बटाट्याची काढणी कशी असते हे सांगावयास नको. बायका दिवसभर वाकून राहतात व सायंकाळी पाठ सरळ होत नाही. शास्त्रपाठातील स्त्री तर अठरा वर्षे वाकलेली होती. तिने काही मागण्यापूर्वीच प्रभूने तिला जवळ बोलाविले व मोकळे केले.

आता असे मनात आणा, की एका तरुण आईने बाळंतपणानंतर पाठदुखीसाठी अफूच्या जातीची गोळी घेतली. दुखणे थांबले, झोप लागली. पुढे दुखणे नसतानाही गोळी हवीशी झाली. न मिळाली तर घाम, कापरे व मळमळ. ती पैसे लपवू लागली, खोटे बोलू लागली. लेकरू रडत राहिले. अशा वेळी आम्ही काय म्हणतो? “आई असून असे करतेस?” हे ऐकून ती अधिकच लपते.

सभास्थानाचा अधिकारीही असाच रागावला होता. प्रभूने त्यास दावणीच्या बैलाची आठवण दिली. तहानलेले जनावर सोडावयास आपण वार पाहत नाही. मग बांधलेल्या आईला सोडविण्यास का थांबावे?

केवळ दटावल्याने व्यसन सुटत नाही. तो रोग आहे व त्यावर उपचार आहेत. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी 1986 साली पुण्यास मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे स्त्रियांसाठी निशिगंध हा निराळा विभाग आहे. 14446 ह्या सरकारी क्रमांकावरही सल्ला मिळतो. मात्र गर्भवतीने अशी गोळी एकाएकी बंद करू नये, गर्भास धोका असतो; डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उपचार घ्यावेत.

परंतु आईचे पाऊल उंबरठ्यावर अडते ते एकाच प्रश्नाने : माझ्या लेकराला कोण पाहील? ह्याचे उत्तर डॉक्टरांपाशी नाही, ते मंडळीपाशी आहे. सासूने, जावेने, शेजारच्या भगिनीने म्हणावे, “बाई, तू निश्चिंत जा, लेकरू आमच्यापाशी आहे.” ती परत आल्यावर तिच्या मागे कुजबुज करू नये. पुन्हा पाय घसरला तर पुन्हा तिच्यासोबत जावे. असे घसरणे ह्या रोगात पुष्कळदा घडते, आणि त्याने सारे संपत नाही.

वाकलेल्या स्त्रीस पाहणारी प्रभूची दृष्टी आम्हां सर्वांस लाभो.