परक्या खेळाचा लळा

लळा लावता येतो, की तो आपोआप लागतो? लेकराच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारीत नाही. खेळाच्या बाबतीत मात्र तो विचारावा लागतो. समजा, पाऊस, काजू आणि रवळनाथ यांच्या चंदगडात उद्या कोणी धंदेवाईक हॉकीचा संघ आणला आणि म्हटले, "हा तुमचा!" तर चंदगडकरांनी त्याला आपला का म्हणावे?

"प्रेम काही विकत मिळत नाही," असे आपण चटकन म्हणून टाकतो. उत्तर सोपे आहे. परंतु पुरते खरे नाही. कोल्हापूरचेच पाहा. ते कुस्तीचे गाव. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले, ते कुस्तीसाठी. फुटबॉल काही पंचगंगेच्या काठी जन्मला नाही. तरीही शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा लोटतात. याचे मर्म संघांच्या नावांत आहे : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. खेळ परका, पण उंबरा घरचा! ही निष्ठा प्रसंगी हमरीतुमरीवर येते, हे खरे. परंतु ती उसनी आहे असे कोणी म्हणणार नाही.

आता हॉकीकडे वळू. ती महाराष्ट्राला अगदीच अनोळखी नाही. धनराज पिल्ले घडला तो खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, मोडक्या काठ्यांनी खेळून. पण २००५ साली प्रीमियर हॉकी लीगमध्ये 'मराठा वॉरियर्स' उतरले, तेव्हा नाव मराठ्यांचे आणि सामने हैदराबादेत! पुढे २०१३ साली हॉकी इंडिया लीगमध्ये 'मुंबई मॅजिशियन्स' आले. दोन हंगाम खेळले आणि गेले. एखाद्या पोराने हट्ट करून त्या संघाचा सदरा घेतला असेल, तर त्याने पुढे तो कोणासाठी घालावा?

व्यापारी म्हणेल, "तोटा झाला, दुकान बंद केले, यात पाप कसले?" दुकानाच्या बाबतीत त्याचे म्हणणे रास्त आहे. परंतु दुकानदार गिऱ्हाइकाकडे पैसे मागतो, निष्ठा मागत नाही. संघ मात्र दोन्ही मागतो. "आम्ही हरलो तरी आमचेच राहा," असे जो म्हणतो, त्याने तोट्याच्या वर्षीही त्या गावात राहिले पाहिजे. प्रेम शिकवण्यात अधर्म नाही. साऱ्याच आवडी कोणीतरी शिकवलेल्या असतात. शिकवून निघून जाणे, हा अधर्म. आणि प्रेक्षकही यातून सुटत नाही : जो केवळ जिंकणाऱ्याच्याच नावाने टाळ्या पिटतो, तो गिऱ्हाईकच, त्याने निष्ठेची भाषा बोलू नये.

म्हणून चंदगडात हॉकी रुजवायची, तर आधी तिकिटे नकोत, फलक नकोत. शाळेतल्या मुलामुलींच्या हातांत काठ्या द्याव्यात, शिकवणारा माणूस गावात राहावा, आणि पहिली काही वर्षे गावाकडे काहीच मागू नये.

दिवाळीत शेजारच्या घरी फराळाचे ताट जाते. ते परतताना कोणी रिकामे पाठवीत नाही. पण आधी ते कोणीतरी भरून न्यावे लागते, आणि पुढल्या दिवाळीलाही तो शेजारी तिथेच असावा लागतो.