आईच्या रक्ताची साक्ष

गरोदर स्त्री दवाखान्यात नाव नोंदवायला जाते, तेव्हा हिमोग्लोबिन व रक्तगट यांच्याबरोबर तिच्या रक्ताची एचआयव्हीसाठीही तपासणी होते. सुईची टोचणी क्षणभराची. परंतु त्या रक्तातून येणारे उत्तर कोणाच्या मालकीचे? तिच्या, पोटातील बाळाच्या, की साऱ्या घराच्या?

तपासणी हवी, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. उपचार न झाल्यास आईकडून बाळाला हा विषाणू जाण्याचा संभव शेकडा १५ ते ४५ असतो. गर्भात, प्रसूतीच्या वेळी अथवा अंगावरच्या दुधातून. १९९४ साली अमेरिका व फ्रान्समधील अभ्यासात झिडोव्हुडिन या औषधाने हे प्रमाण शेकडा २५ वरून ८ वर आले. भारतात २००२ पासून सरकारी रुग्णालयांतून असा कार्यक्रम सुरू झाला, आणि २०१४ पासून बाधित गरोदर स्त्रीला आजन्म औषधे देण्याचे धोरण आले. वेळीच औषधे घेतल्यास आज ते प्रमाण शेकडा ५ च्याही खाली राहते. बाळाला वाचवणे इतके हाती असताना न जाणणे हा निष्पापपणा उरत नाही.

परंतु संमतीचे काय? सप्टेंबर २०१८ पासून अमलात असलेला कायदा समजून-उमजून दिलेली संमती मागतो. सासूबरोबर रांगेत उभी असलेली नवखी सून सही करते, तेव्हा ती होकार देते, की नकार द्यायला धजत नाही एवढेच?

आणि घरात पहिली तपासणी तिचीच होते. ज्याचे आधी कळले तोच दोषी, हा आपल्या घरांतला न्याय! विषाणू आहे एवढेच चाचणी सांगते; तो कोणाकडून आला, हे सांगत नाही. नवऱ्याकडून आलेला संसर्गही मग तिच्या माथी मारला जातो आणि ती पांढऱ्या पायाची ठरते. म्हणूनच मारहाणीची किंवा टाकून देण्याची वाजवी भीती असेल, तर डॉक्टरांनी स्त्रीच्या जोडीदाराला तिची बाधा कळवू नये, असे हा कायदा सांगतो.

येथे माझे मन अडखळते. नवरा निरोगी असेल, तर या मौनाने त्याचाच जीव धोक्यात येतो. तरीही मी कायद्याच्या बाजूने आहे. कारण ही भीती तिने निर्माण केलेली नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील योसेफ आठवतो. देवदूताचे स्वप्न पडण्यापूर्वी, मनात केवळ संशयच असताना, त्या नीतिमान पुरुषाने पहिला विचार केला तो मरियेची चारचौघांत बेअब्रू होऊ नये हाच. आपण योसेफाला कुटुंबांचा आश्रयदाता मानतो, ही गोष्ट मात्र क्वचितच बोलतो.

पत्नी आत असताना पुष्कळसे नवरे फाटकापाशी स्कूटरवर बसून राहतात. दोघांनी एकाच दिवशी रक्त दिले, तर निदान ‘आधी कोण’ हा प्रश्न उद्भवणार नाही. सरकारी केंद्रात नवऱ्याचीही तपासणी विनामूल्य होते.