कुणीतरी आपली वेळ सांभाळली

हे सावकाश वाचा. जमलं तर एका बैठकीत वाचा, आणि मध्ये जिथे थांबायला सांगितलं आहे तिथे खरोखर थांबा. पाठ टेकवा, पाय मोकळे सोडा, श्वास जसा येतो तसा येऊ द्या. हे मनन एका उपनगराचं आहे. तुम्ही तिथले असाल तर रस्ते ओळखीचे निघतील. नसाल तर तुमच्या गावची एखादी वस्ती आपोआप त्याच्या जागी येऊन बसेल. तिला बसू द्या.

नगर शहराच्या उत्तरेला, मनमाड रस्त्याच्या दोन्ही अंगांना सावेडी पसरली आहे. 2024 पासून शहराचं नाव अहिल्यानगर झालं आहे. जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून ‘नगर’च येतं. कधीकाळी सावेडी हे शहराबाहेरचं गाव होतं. पुढे नागापूरला एमआयडीसी झाली. पाथर्डी, शेवगाव, पारनेर, जामखेडकडची माणसं कामाच्या मागे शहरात आली. शेतांचे प्लॉट पडले. कुणी आधी दोन खोल्या बांधल्या, वरचा मजला पोराच्या लग्नापर्यंत राहून गेला. कारखान्यातले फिटर, एसटीतले वाहक, शाळेतले शिक्षक, विडी वळणाऱ्या बाया असे सगळे एकमेकांचे शेजारी झाले.

आता नावं मनातल्या मनात म्हणा. प्रोफेसर कॉलनी. गुलमोहर रोड. प्रेमदान चौक. झोपडी कॅन्टीन. कुष्ठधाम रोड. पाइपलाइन रोड. श्रमिकनगर. भिस्तबाग. एका नावावर मन जरा जास्त रेंगाळेल. तिथे रेंगाळू द्या. तिथे कोण राहत होतं?

या मननातून मला एकच गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. कष्टकऱ्यांच्या वस्तीत माया बोलून दाखवायची पद्धत नसते. तिथे माया म्हणजे दुसऱ्याची वेळ सांभाळणं. कुणाच्या नळाला पाणी कधी येतं, कुणाची शिफ्ट किती वाजता सुटते, कुणाच्या विड्या आज भरायच्या राहिल्यात, हे शेजाऱ्याला ठाऊक असतं आणि तो त्याप्रमाणे वागतो. आपण मोठे झालो ते अशा सांभाळलेल्या वेळांवर. त्या एकेक करून आठवू.

पाण्याची वेळ

आधी नळाचा आवाज आठवा. सुरुवातीला नुसती हवा, मग खाकरल्यासारखे दोन-तीन झटके, मग धार. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘पाणी आलं!’, आणि झोपलेलं घर उठतं. हंडा, कळशी, पिंप, बादल्या, शेवटी चहाचं पातेलंसुद्धा.

त्या धारेच्या मागे मागे जा. हे पाणी राहुरी तालुक्यातल्या बारागाव नांदूरजवळच्या मुळा धरणातलं. धरणाची क्षमता 26 टीएमसी. मुळानगरला उपसलेलं पाणी विळदला येतं, तिथून पुन्हा उपसून वसंत टेकडीच्या टाक्यांत चढतं आणि मग गल्लोगल्ली उतरतं. पाइपलाइन रोडला त्याचं नाव या जलवाहिनीनेच दिलं. मध्ये कुठे वीज गेली, कुठे वाहिनी फुटली, की टाक्या भरत नाहीत आणि साऱ्या भागांचं पाणी एक दिवस पुढे सरकतं. म्हणून सावेडीत दारात भेटलेला माणूस तब्येतीच्या आधी विचारतो, ‘आज आपल्याकडं पाणी आहे का?’

त्या दिवशी घरात कुणी नसलं तर? तर शेजारच्या काकूंकडे किल्ली असायची. किल्ली नसली तरी कंपाउंडच्या भिंतीवरून त्यांचा रबरी पाइप तुमच्या पिंपात पडायचा. आधी तुमचं पिंप, मग त्यांच्या बादल्या, कारण तुम्ही घरी नाही आणि त्या आहेत. संध्याकाळी त्या एवढंच सांगायच्या, ‘वहिनी, पाणी भरून ठेवलंय बरं का.’

जरा आणखी मागे जा. भिस्तबाग महाल इथेच आहे, निजामशाहीतला. निजामशाही उभारणाऱ्या मलिक अहमदने पंधराव्या शतकाच्या अखेरीस हे शहर वसवलं आणि त्या राजवटीत आसपासच्या गावांकडून खापरी नळांनी पाणी शहरात आणलं गेलं. कापूरवाडी, शेंडी, वडगाव या दिशांनी जमिनीखालून ते वाहत यायचं. बागा त्या पाण्यावर फुलल्या. बाग लावणाऱ्या सुलतानांची नावं राहिली; चर खणणाऱ्यांची, खापरं भाजणाऱ्यांची, सांधे बुजवणाऱ्यांची राहिली नाहीत. आज पंपावर रात्र जागणारा माणूस आणि कोपऱ्यावर लोखंडी चावीने व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस त्यांच्याच ओळीतले आहेत. तुमची अंघोळ वेळेवर व्हावी म्हणून कुणीतरी अवेळी जागं असतं.

इथे थांबा. चार-पाच श्वास. तुमच्यासाठी कधीतरी पाणी भरून ठेवलेल्या एका माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आणा. नाव आठवत नसेल तरी चालेल.

झोपेची वेळ

आता दुपार आठवा. उन्हाळ्याची, पत्रा तापलेली, गल्ली रिकामी. एका घराची खिडकी बंद आहे आणि आतून चादरीचा पडदा लावला आहे. आतला माणूस रात्रपाळी करून सकाळी आला, चहा-भाकरी खाऊन आडवा झाला. संध्याकाळी तो उठेल तेव्हा त्याचा दिवस सुरू होईल.

त्याची झोप साऱ्या गल्लीची जबाबदारी असायची. मुलं क्रिकेटचे स्टंप तिथून चार घरं पुढे ठोकायची. चेंडू त्या दारावर गेला तर खेळणारेच एकमेकांना दटावायचे, ‘हळू, त्यांची नाइट आहे.’ रोज येणारा भाजीवाला त्या घरापाशी आरोळी देत नसे. पुढच्या आठवड्यात पाळी बदलायची, दुसऱ्या घराची खिडकी बंद व्हायची आणि स्टंप पुन्हा हलायचे. कुणी नोटीस लावली नव्हती. मुलांना ते चालण्या-बोलण्यासारखं आपोआप आलं.

तो काळ सायकलींचा आणि लुनाचा. लुना तर आपल्याच गावची. 1972 मध्ये आलेली कायनेटिकची मोपेड, नगर-दौंड रस्त्यावर तिचा कारखाना. पुढे डब्याची पिशवी, मागे बायको, मध्ये पोर, आणि चढ आला की पायडल मारायचं. कुणाची बस चुकली की चौकातून जाणारा लुनावाला पाय टेकवून विचारायचा, ‘बसता का? मी नागापूरकडंच चाललोय.’ कधी तो नागापूरकडे जात नसेही. ते नंतर कळायचं.

कारखान्यात काम कमी झालं, पगार लांबला, तेव्हा किराणा दुकानदाराने वही मिटली नाही. ‘पगार झाल्यावर द्या’ हे त्याचं वाक्य कित्येक घरांनी महिनोन्‌महिने ऐकलं. त्याचंही घर त्याच गल्लीत होतं, त्यालाही माल रोखीने आणावा लागे. स्वतःची ओढाताण सोसून तो दुसऱ्याची तारीख पुढे ढकलत होता.

थांबा. तुमच्या घरात कुणी अवेळी झोपायचं का? त्या झोपेसाठी किती जण हळू बोलले, ते मोजू नका, नुसतं मनात येऊ द्या.

हजार विड्यांची वेळ

आता श्रमिकनगरकडे चला. इथे विडी कामगारांची घरं आहेत, त्यांत पद्मशाली समाजाची बरीच. घरात तेलुगू, दारात मराठी. बालाजीचं मंदिर, नवरात्रात बतुकम्माची फुलं. या समाजाच्या आधीच्या पिढ्या नगरमध्ये हातमागावर लुगडी विणायच्या. माग थकले तसा घराचा भार विड्या वळणाऱ्या बायांच्या मांडीवरच्या सुपात आला.

ते सूप आठवा. भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापलेली. पानात चिमूटभर तंबाखू, दोन बोटांची घडी, वळण, तोंड दुमडायचं, दोऱ्याचा फेरा. पंचवीस विड्यांचं एक बंडल, चाळीस बंडलं म्हणजे हजार. मजुरीचा हिशेब हजारावर. बोटं बघितली तर वाटायचं, त्यांना डोळ्यांची गरज नाही. डोळे चुलीवरच्या भातावर, पोराच्या पाटीवर, दारातून जाणाऱ्या ओळखीच्या माणसावर.

विड्या वेळेत कारखान्यात भरल्या नाहीत तर त्या दिवसाची मजुरी गेली. सुबक नसलेल्या विड्या छाटात काढल्या जायच्या आणि तेवढी मेहनत वाया. म्हणून ज्या दिवशी एखादीचं पोर तापाने फणफणलेलं असे, त्या दिवशी दुपारी तिच्या ओट्यावर दोघी-तिघी आपापली सुपं घेऊन येऊन बसत. ‘अक्का, तू पोराकडं बघ.’ बोलता बोलता तिची राहिलेली शंभर-दीडशे विडी वळून व्हायची. कुणाच्या किती, याची वही कधी झाली नाही.

हे गोड आठवण म्हणूनच ठेवू नका, कारण ते पूर्ण खरं होणार नाही. तंबाखूच्या धुळीने खोकला लागायचा, वाकून वाकून पाठ जायची, आणि मजुरी कष्टांच्या मानाने थोडकीच राहिली. विडी कामगारांसाठी 1966 मध्ये कायदा झाला, 1976 मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला. ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना, घरकुल यांपैकी जे जे पदरात पडलं त्यामागे मोर्च्यांत चाललेल्या बायांचे पाय आहेत. मोर्च्याच्या दिवशी मजुरी बुडे. म्हणजे एकीने आपली वेळ दिली आणि ती पुढच्या कुणा अनोळखी बाईच्या म्हातारपणी कामी आली.

थांबा. आपल्या हातांकडे बघा. हे हात शाळेत जाऊन लिहायला शिकले, तेव्हा घरात दुसरे कुठले हात काम करत होते?

वाटसरूची वेळ

मनमाड रस्ता पुढे राहुरी, शिर्डीकडे जातो. शिर्डीला पायी निघालेली माणसं या रस्त्याने चालतात. आणि आषाढीच्या आधी त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी राहुरीकडून नगरला येते, पुढे मिरजगाव, करमाळ्यावरून पंढरपूर गाठते. ते दिवस आठवा. ज्यांना स्वतःच्या घरी पाहुणा आला तर अंथरूण पुरवावं लागतं, ती घरं वारकऱ्यांसाठी भाकऱ्या थापतात. परातीत पीठ, आळीपाळीने बसलेल्या बाया, बाहेर टाळांचा आवाज. वारकरी थांबणार घटकाभर. त्या घटकेसाठी पहाटेपासून चूल पेटलेली.

आपल्याला ज्याची परतफेड मिळायची नाही अशा माणसाची वेळ सांभाळणं, हे त्या भाकरीतून मुलं शिकली. शेजाऱ्याचं पाणी भरलं तर उद्या तो आपलं भरेल. वारकरी पुन्हा भेटणारही नाही. त्याला वाढताना हात आखडला नाही, यात या वस्तीची श्रीमंती मला दिसते.

जिची वेळ कुणी सांभाळली नाही

आता जरा अवघड जागी येऊ. श्वास संथ असू द्या.

पाण्याला उठणारी कोण होती? रात्रपाळीच्या माणसाचा डबा करणारी, दुपारी पोरांना गप्प करणारी, मधल्या वेळात विड्या वळणारी, वारकऱ्यांच्या भाकऱ्या थापणारी? बहुतेक वेळा ती एकच बाई होती. सगळ्यांची वेळ तिच्या डोक्यात होती. तिची स्वतःची वेळ कोणती होती?

तिला कधी झोप यायची, तिला एकटं बसावंसं कधी वाटायचं, संध्याकाळी चौकापर्यंत उगाच चालत जावंसं तिला वाटायचं का, हे आपण विचारलं होतं का? तिची वेळ सांभाळली असेल तर ती बहुधा शेजारच्या दुसऱ्या बाईने. ‘तू पड जरा, मी बघते’, हे वाक्य तिला घरातून कमी आणि भिंतीपलीकडून जास्त ऐकू आलं. सावेडीच्या आठवणी जिव्हाळ्याने सांगायच्या असतील तर हेही त्याच जिव्हाळ्याने सांगायला हवं. आपण जिला ऊब म्हणतो त्या उबेला कुणीतरी आपलं जळण पुरवलं होतं.

इथे जास्त वेळ थांबा. मनात दुखलं तर दुखू द्या. त्याला लगेच उत्तर शोधू नका.

आज

आता डोळे मिटले असतील तर उघडा. सावेडी आज वेगळी आहे. बैठ्या घरांच्या जागी इमारती उभ्या आहेत, 2003 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, गुलमोहर रोडवर दुकानांची रांग लागली आहे. पाणी जमिनीखालच्या टाकीत आपोआप पडतं, मोटार ते वर चढवते, आणि शेजाऱ्याची वेळ कळायचं एक कारण गेलं. पण वेळा गेलेल्या नाहीत. चौथ्या मजल्यावरची नर्स रात्रीची ड्यूटी करून येते. दारात जेवण आणून देणाऱ्या मुलाला प्रत्येक मिनिटाचा हिशेब द्यावा लागतो. घरकाम करणाऱ्या मावशींना तीन घरं संपवून पोराच्या शाळेच्या सुटीला पोहोचायचं असतं. एकटे राहणारे आजोबा औषधाच्या वेळेला घड्याळाकडे बघतात.

म्हणून या मननाचं शेवटचं काम बसून होणारं नाही. तुमच्या आसपासच्या एका माणसाची वेळ या आठवड्यात माहीत करून घ्या. सरळ विचारा: ‘तुम्ही झोपता कधी? तुम्हाला कधी मोकळं व्हायचं असतं?’ उत्तर लक्षात ठेवा आणि त्याप्रमाणे स्वतःचं काहीतरी हलवा. दाराचा आवाज कमी करा, मावशींना अर्धा तास आधी सोडा, आजोबांच्या औषधाच्या वेळेला बेल वाजवा. घरातल्या बाईला पहिल्यांदा विचारलंत तर फार चांगलं. ज्यांनी आपली वेळ सांभाळली त्यांतले बरेच जण आता परतफेड घ्यायला राहिलेले नाहीत. त्यांचं देणं शेजारीच फेडायचं आहे, आणि शेजारी कुणीतरी नक्की आहे.