एकलव्याचा कुत्रा

गुरूवाचून विद्या येते की नाही, या प्रश्नावर आपल्याकडे फार जुन्या काळापासून दोन पक्ष आहेत. एक पक्ष गुरूंचा. त्यांचं म्हणणं, येत नाही. दुसरा पक्ष ज्यांना गुरू परवडत नाही त्यांचा. त्यांचं म्हणणं, मग एकलव्याला कशी आली? या भांडणात मी आजवर कधी पडलो नव्हतो. बी. कॉम. झालेल्या माणसाला गुरू असतो की नाही हाच मुळात वादाचा मुद्दा आहे. आम्हाला हिशेब गाइडं शिकवतात आणि बँकेत चिकटल्यावर हेड कॅशियर ते विसरायला लावतो. पण वयाच्या ४५ व्या वर्षी मी पॉवर काइट शिकायला घेतला आणि या वादात मला पक्ष घ्यावा लागला.

पॉवर काइट म्हणजे आपला संक्रांतीचा पतंग नव्हे. संक्रांतीचा पतंग आपण उडवतो; हा आपल्याला उडवायच्या बेतात असतो. त्याला कामट्या नसतात. दुहेरी कापडाचे कप्पे असतात, पुढच्या कडेला तोंडं असतात, त्यातून वारा आत शिरला की ते कापड टम्म फुगून विमानाच्या पंखासारखं होतं. माझा पतंग अडीच चौरस मीटरचा, म्हणजे सिंगल कॉटच्या चादरीपेक्षाही लहान. दोन हातांत दोन मुठी, प्रत्येक मुठीला दोन दोऱ्या. पुढच्या दोऱ्यांवर ओढ येते, मागच्या दोऱ्या म्हणजे ब्रेक. वारा दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. व्याजाचा असा दर आमच्या कुठल्याही ठेव योजनेत नाही, आणि इथे मुदतीआधी मोडायला गेलं तर ठेवीऐवजी ठेवीदार मोडतो.

हे प्रकरण माझ्या घरात आलं ते हिच्या जर्मनीतल्या मामेभावामुळे. तिकडे उत्तर समुद्राच्या काठी मैलोन्‌मैल सपाट वाळू आहे, आणि रविवारी चांगली पेन्शनीत निघालेली माणसं तिथे या पतंगांना तीनचाकी गाड्या जोडून भरधाव फिरतात. त्याला वाटलं, भाऊजींची बदली दापोली तालुक्यात झाली आहे, समुद्र दारात आहे, तर भाऊजी तरी मागे का राहावेत? बाकीचे लोक परदेशातून चॉकलेटं आणतात.

आता शिकवणार कोण? गोव्यात मोरजीला आणि तिकडे रामेश्वरमला शिकवणी आहे, पण ती पाण्यावर, पायाला फळी बांधून. शिवाय रजेच्या अर्जात कारण काय लिहावं? ‘पतंग उडवणे’ या कारणासाठी आमच्याकडे कोड नाही. उरला मोबाइल. त्यावर हवे तितके गुरू आहेत. ते फार छान समजावून सांगतात. पाठीवर वारा घ्या, समोर एक प्रचंड घड्याळ आहे असं समजा, पतंग बारावर ठेवला तर ओढ कमी, नऊवर किंवा तीनवर नेला तरी कमी, पण घड्याळाच्या मध्यात खाली आणला तर सांभाळा. सगळं कळतं. एकच उणीव अशी की आपण त्यांना बघतो, ते आपल्याला बघत नाहीत. एकलव्याच्या मातीच्या पुतळ्याला आवाजाची सोय केली, एवढीच काय ती आपल्या काळाची प्रगती.

आणि गुरू लागतो तो बघायलाच. हे मला बँकेने शिकवलं. बँकेत एकाने व्हाउचर लिहायचं आणि दुसऱ्याने ते पास करायचं, असा नियम आहे. तिजोरीलाही दोन किल्ल्या, दोघांकडे. पूर्वी खातेवह्या होत्या तेव्हा होता, आता कॉम्प्युटर आहे तरी आहेच. फक्त त्याला मेकर-चेकर म्हणतात. यात कुणाच्या सचोटीवर संशय नाही. लिहिणाऱ्याला आपलं लिहिलेलं बरोबरच दिसतं, हा माणसाच्या डोळ्यांचा दोष आहे. आपण आपणच शिकणारा माणूस स्वतःच व्हाउचर लिहितो, स्वतःच पास करतो आणि वर साहेबांच्या फोटोला नमस्कार करतो. ऑडिट यायचं तेव्हा येतं.

पण म्हणून गुरू असला की सगळं सुखरूप, असंही नाही. पतंगाच्या जोरावर गाडी हाकणारा पहिला नामांकित मनुष्य जॉर्ज पोकॉक हा इंग्लंडात ब्रिस्टलला शाळामास्तरच होता. १८२६ साली त्याने पतंगाच्या गाडीचं पेटंट घेतलं. त्या काळी तिकडे रस्त्यावरचा टोल गाडीच्या घोड्यांवर आकारत. मास्तरांच्या गाडीला घोडाच नाही, तेव्हा टोलही नाही! शिक्षकाच्या पगारात गाडी बाळगायची म्हणजे डोकं असंच चालावं लागतं. तर या मास्तरांनी आपली मुलगी मार्था हिला खुर्चीत बसवलं, खुर्ची पतंगाला बांधली आणि तिला उंच हवेत चढवलं. गुरू आणि वडील दोन्ही एकाच ठिकाणी हजर. खुर्चीत मात्र मुलगी. ती सुखरूप उतरली हे जगाचं नशीब, कारण पुढे तिच्या पोटी क्रिकेटचा महर्षी डब्ल्यू. जी. ग्रेस जन्माला आला. दोरी तुटली असती तर रविवारी आपण सगळ्यांनी काय केलं असतं कोण जाणे.

उलट सॅम्युअल कोडी हा नाटक-तमाशातला माणूस. १९०३ साली त्याने पतंगाने ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली. पुढे विमानं बांधली, उडवली आणि १९१३ मध्ये आपल्याच विमानाच्या अपघातात गेला. म्हणजे मास्तराची मुलगी वाचली आणि आपल्या हिमतीवर शिकलेला गेला. गुरूंच्या पक्षाने हे उदाहरण खुशाल घ्यावं. पण कोडीबद्दल एक गोष्ट मला मान्य करावीशी वाटते. त्याने खुर्चीत निदान स्वतःला बसवलं होतं.

इथे मला एकलव्याचा कुत्रा आठवतो. खरं तर कुत्रा पांडवांचा. पण त्याचं जे काही झालं ते एकलव्यामुळे झालं, म्हणून मी तो एकलव्याच्या नावावर टाकतो. एकलव्याच्या अंगठ्यासाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या हळहळत आलो, आणि ते रास्तच आहे. द्रोणाचार्यांनी शिकवणी न देता फी वसूल केली, असा प्रकार आमच्याकडे झाला असता तर ग्राहक मंचाने बँकेला धुऊन काढलं असतं. पण त्याआधी काय झालं? एक कुत्रा भुंकला आणि या स्वयंशिक्षित धनुर्धराने त्याच्या तोंडात सात बाण मारले. कुत्र्याला इजा झाली नाही, असं कीर्तनकार सांगतात. कुत्र्याचा जबाब कोणी घेतला? तो बिचारा वनात फिरायला आला होता. त्याचा त्या विद्येशी, त्या पुतळ्याशी, त्या अंगठ्याशी काडीचा संबंध नव्हता. आपलं आपण शिकावं की नाही हा प्रश्न आपण नेहमी शिकणाऱ्याच्या बाजूने सोडवतो. जिद्द, चिकाटी, वगैरे. पुळणीवर उभं राहिल्यावर माझ्या ध्यानात आलं की तो प्रश्न कुत्र्याच्या बाजूनेही विचारायला हवा.

आमच्या किनाऱ्यावर दुपारनंतर खारा वारा सुटतो. तो समुद्रावरून येतो, म्हणजे ओढून नेलंच तर जमिनीकडे नेईल, अरबस्तानात नाही. नवशिक्याला हे बरं. ओहोटीला पुळण रुंद आणि टणक होते. वारा मोजायला माझ्याकडे यंत्र नाही, पण १८०५ साली ब्यूफोर्ट नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने करून ठेवलेली यादी आहे. पानं आणि काटक्या सारख्या हलत असतील आणि हलकं निशाण फडकत असेल तर तीन नंबरचा वारा, ताशी १२ ते १९ किलोमीटर. तो मला चालतो. धूळ आणि कागद उडायला लागले की चार नंबर, पतंग पिशवीत. आमच्या शाखेत पंखा पाचवर केला की काउंटरवर कायम चार नंबरचा वारा असतो, त्यामुळे मला ओळखायला जड जात नाही.

पण वाऱ्याच्या दिशेला, पतंग जिथे असतो तिथेच, सुरूच्या बनातून माणसं येतात. पुण्याची कुटुंबं येतात, भेळवाला येतो, पोरं पतंगाखाली धावत येतात कारण पतंग म्हटला की धावायचं असतं हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. माझ्या दोऱ्या २० मीटर लांब आहेत आणि ताणल्या की सुरीसारख्या होतात. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली ती उगाच नाही. तेव्हा माझा नियम असा की माणूस दिसला की पतंग खाली. तासाभरात माझं उडवणं दहा मिनिटं आणि उतरवणं पन्नास मिनिटं होतं. ही एकदा बघायला आली होती. म्हणाली, “याला शिकणं म्हणतात? तुम्ही तर नुसते थांबता.”

थांबणं हाच यातला अवघड भाग आहे, हे तिला सांगून पटलं नाही. या पतंगात मनगटाला दोन पट्टे असतात, ते ब्रेकच्या दोऱ्यांना जोडलेले. मुठी सोडून दिल्या की पुढच्या दोऱ्या सैल पडतात, मागच्या ताणतात, आणि तो सगळा राक्षस धुतलेल्या पायजम्यासारखा खाली लोळतो. म्हणजे संकटात करायचं एकच, हात उघडायचे. आणि नेमकं तेच होत नाही! ओढ बसली की हात आपोआप घट्ट मिटतात, मुठी छातीशी येतात. हवेत फेकले जायची वेळ आली तरी माणूस हातातलं सोडत नाही. अनासक्तीवरचे ग्रंथ कपाटात ठेवणाऱ्या माणसाचंही मनगट या बाबतीत अडाणी असतं. म्हणून मी पतंग न लावता घरात, मोरीच्या खिळ्याला दोऱ्या बांधून, ओढ बसली की सोडायचा सराव केला. दोन आठवडे. तेवढ्या एका विषयात मी स्वतःला पास केलं आहे, आणि ते व्हाउचर मी कुठल्याही ऑडिटरला दाखवीन.

आता खरा पेच. गेल्या महिन्यात बंदराकडचा एक पोरगा, बारावीला असेल, रोज येऊन बघत बसायचा. एक दिवस म्हणाला, “काका, मला पण शिकवा ना.” मी म्हटलं, “बाबा रे, मीच अजून शिकतोय. मला कोणी शिकवलेलं नाही.” तो म्हणाला, “मग मीपण तसाच शिकतो.” आणि दुसऱ्या दिवशी तो घेऊन आला. ताडपत्रीचा पतंग, चांगला माझ्या दुप्पट. होडीची नायलॉनची दोरी. आणि तिचं दुसरं टोक त्याने कमरेला बांधलं होतं, कोळ्याची पक्की गाठ.

जामीन राहायला माझी तयारी नसते. बँकेत वीस वर्षं काढली की जामीनदारांचं काय होतं ते कळतं. मी त्याला शिकवलं आणि उद्या त्याला काही झालं तर? मी शिकवलं नाही आणि उद्या काही झालं तर? पहिल्यात माझं नाव लागेल, दुसऱ्यात लागणार नाही. एवढाच फरक. आणि रात्रभर कूस बदलल्यावर मला असं दिसलं की नाव न लागणं हीच ज्याची सोय, त्या बाजूला उभं राहायची मला लाज वाटते. द्रोणाचार्यांनी नकार दिला तेव्हा त्यांना तो मुलगा वनात जाऊन काय करणार हे ठाऊक नव्हतं, असं म्हणता येईल. माझ्यासमोर तर गाठ होती.

तेव्हा मी त्याला सांगितलं की मी उडवायला शिकवत नाही, ती विद्या माझ्यापाशी पुरती नाही. सोडायला शिकवतो. येणार असशील तर ये. कमरेची गाठ मी सुटत नव्हती म्हणून भेळवाल्याच्या सुरीने कापली. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो मनगटात पट्टे घालून, डोळे मिटून उभा राहतो. मी पाठीमागून दोऱ्या अचानक ओढतो आणि त्याने मुठी टाकायच्या. पहिल्या दिवशी वीसांत तीनदा टाकल्या. काल सतरांदा. पोरं हसतात, ताडपत्री त्याच्या आईने जळणावर घातली आहे, आणि तो रोज विचारतो, “काका, धरायचं कधी?”

वीसांत वीस झाल्यावर, असं मी सांगितलं आहे. त्याने मला उलट विचारलं, “तुमचे किती होतात?” मग आज आम्ही जागा बदलल्या. पोरगा फार जोरात ओढतो.