बियाण्याचे ऋण

पेरू देशातील हुनीन परगण्यात, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर, चिंचायकोचा नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या काठच्या माळरानावर वर्षातील कोणत्याही रात्री दव गोठू शकते. झाड तेथे उभे राहत नाही, मका पिकत नाही. त्या ओसाड जमिनीत मुळ्याच्या घाटाचा एक लहानसा कंद मात्र पोसतो. त्याचे नाव माका. आपल्याकडे केसांच्या तेलात घालतात तो माका निराळा. हा मोहरी, मुळा आणि कोबी यांच्या कुळातला.

येशूसंघीय धर्मगुरू बर्नाबे कोबो यांनी १६५३ साली पूर्ण केलेल्या नव्या जगाच्या इतिहासात या कंदाची नोंद केली आहे. माणसाच्या पोटाला आधार देणारे दुसरे काही जेथे उगवत नाही, तेथे हा उगवतो, असे त्यांनी लिहिले. तो खाल्ल्याने वंशवृद्धी होते हा स्थानिक समजही त्यांनी टिपून ठेवला. आज जगभर माकाची भुकटी विकली जाते, ती मुख्यतः या दुसऱ्या वाक्याच्या बळावर. पहिल्या वाक्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

हे पीक घेणे सोपे नाही. पावसाच्या आरंभी, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेले बी पुढल्या मे ते जुलैच्या सुमारास कंद देते. ते कंद दिवसा उन्हात आणि रात्री गारठ्यात कित्येक दिवस वाळवावे लागतात. मग ते वर्षानुवर्षे टिकतात, आणि खाली खोऱ्यात नेऊन त्यांच्या बदल्यात मका आणता येतो. बियाण्यासाठी तर आणखी धीर हवा. निवडक कंद न खाता पुन्हा मातीत पुरायचे, आणि त्यांना फुले येऊन बी धरेपर्यंत पुढचा हंगाम थांबायचे. माका जमिनीचा कस फार ओढतो, म्हणून एका पिकानंतर शेत अनेक वर्षे पड टाकण्याची चाल होती. लेवीयच्या पुस्तकात जमिनीला सातव्या वर्षी विसावा द्यायला सांगितले आहे. हुनीनच्या शेतकऱ्याने ते पुस्तक न वाचता त्याहून कठोर नियम पाळला.

इतक्या धीराने पिढ्यान् पिढ्या राखलेले हे बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये दीड हजाराहून अधिक दाणे मावतात. एका खिशात एक डोंगर नेता येतो. आणि तो नेला गेला.

१९८०च्या सुमारास हे पीक नामशेष होण्याच्या वाटेवर आहे असे तज्ज्ञ म्हणत होते. पुढे परदेशी मागणी आली आणि चित्र पालटले. २००१ साली अमेरिकेतील एका कंपनीला माकाच्या अर्कावर पेटंट मिळाले. पेरू सरकारने २००३ साली उगवणक्षम अथवा प्रक्रिया न केलेला माका देशाबाहेर नेण्यास मनाई केली. चीनने २०११ साली माकाच्या भुकटीला अन्न म्हणून मान्यता दिली. युन्नान प्रांताच्या डोंगरांत लागवड वाढत गेली. २०१४ साली चिनी व्यापारी थेट हुनीनच्या शेतांवर उतरले, रोख पैसे मोजून कच्चे कंद विकत घेऊ लागले, भाव कित्येक पटींनी चढले. थोड्याच काळात युन्नानचे पीक बाजारात भरून आले आणि भाव कोसळले.

येथे अपराधी कोण? व्यापारी, असे उत्तर चटकन् सुचते. पण कंद विकला तो हुनीनच्याच शेतकऱ्याने. आजवर त्याला असा भाव कोणी दिला नव्हता. ‘देशाच्या वारशासाठी तू थांब’ असे राजधानीतून सांगणाऱ्याने त्याच्या मुलांच्या शाळेचा खर्च उचललेला नसतो. घरात नड असताना दारी आलेले पैसे घेणाऱ्यावर मी दोष ठेवू शकत नाही.

दुसरी बाजूही पाहू. बी एका जागी बांधून ठेवणे हाच न्याय असता, तर आपल्या ताटातला बटाटा अन्यायाचाच म्हणावा लागेल. तोही त्याच आंदीज पर्वतातला. पोर्तुगीजांनी नावासकट तो आपल्या किनाऱ्यावर आणला. त्याच्या मूळ धन्यांना कोणी काही दिले नाही. मिरची, काजू, शेंगदाणा हे सारे दक्षिण आणि मध्य अमेरिकेचे देणे. संत थॉमस अक्वायनस यांनी सांगितले आहे की सृष्टीतील वस्तू देवाने सर्वांच्या गरजेसाठी योजल्या आहेत, आणि निकडीच्या प्रसंगी भुकेल्याने दुसऱ्याच्या विपुलतेतून घेतले तर ती चोरी ठरत नाही. बटाट्याने अगणित भुकेल्यांना जगविले. त्याचा प्रवास मला पाप वाटत नाही.

माकाच्या भुकटीला मात्र भुकेचा आधार नाही. ती भरल्या पोटाचा माणूस अधिक जोमासाठी घेतो. आणि त्याला भुरळ पडते ती केवळ कंदाची नव्हे. उंच पर्वत, प्राचीन लोक, शेकडो वर्षांचा अनुभव या साऱ्याची. म्हणजे विकले जाते ते हुनीनच्या पूर्वजांचे नाव, आणि त्या नावाचा वाटा हुनीनला मिळत नाही. बी प्रवासाला निघाले यात माझ्या मते अन्याय नाही. ज्यांनी ते राखले त्यांना हिशेबातून वगळले, अन्याय तेथे घडला.

हळदीची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. गोव्यातील माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, जुने लेखी पुरावे पुढे ठेवले आणि १९९७ साली ते रद्द झाले. आजीने बोट कापल्यावर हळद दाबली, हा पुरावा तेथे चालला नसता, कागद चालला. माकाचाही कागद होता, फादर कोबो यांचा. परंतु ते पेटंट अर्कावर होते, त्यामुळे त्या कागदाने ते अडले नाही. आणखी एक विचित्र गोष्ट पाहा. पेरूने २००२ साली आदिवासी समाजांच्या सामूहिक ज्ञानासाठी कायदा केला आणि त्या ज्ञानावर कमावणाऱ्याने एक हिस्सा द्यावा असे ठरविले. पण जे ज्ञान आधीच जगजाहीर झाले, त्यासाठी केवळ मागील २० वर्षांची मर्यादा घातली. १६५३ साली लिहून ठेवलेले ज्ञान त्यात कसे बसणार? हळदीला शाईने तारले, माकाला त्याच शाईने उघडे टाकले.

कायदा येथे थांबला तरी कर्तव्य थांबत नाही, असे मला वाटते. वाटा कोणाला द्यायचा, किती द्यायचा, तो गावापर्यंत पोचेल की वाटेतच मुरेल, या अडचणी खऱ्या आहेत. तरी परतफेडीची एक तऱ्हा पेरूनेच दाखविली आहे. लिमा येथे १९७१ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने आंदीजच्या खेड्यांतून जमा केलेली वाणे जपून ठेवली होती. २००४ साली कुस्कोजवळच्या काही गावांशी केंद्राने करार केला. रोगमुक्त केलेली चारशेहून अधिक वाणे, तेथील लोक पुष्कळशी गमावून बसले होते ती, त्यांच्या शेतांत परत गेली. पैशांचा हिशेब त्याने मिटला नाही. बियाणे मात्र घरी आले, आणि गावकऱ्यांनी ते पेरले.